पाण्याचे राखणदार : क्राकेन, तिमिंगिल आणि कोलासूर यांचे पुनर्वाचन

सारांश

नॉर्स पुराणकथा आणि उत्तर युरोपातील दर्यावर्दी लोकांच्या कथा यांत येणाऱ्या महाकाय जलचरांचे वाचन आपल्याकडे बहुधा दोन पद्धतींनी होते. हे जलचर मानवी भीतीचे प्रतीक आहेत असे एक वाचन मानते; ते म्हणजे विज्ञानाने पुढे उलगडलेला एक जुना गैरसमज होय असे दुसरे मानते. ही दोन्ही वाचने अपुरी आहेत अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. क्राकेनची मूळ वर्णने, भारतीय सागरकथांतील तिमिंगिल व यक्ष आणि गोंदिया जिल्ह्यातील तलावांशी निगडित लोकदैवते यांचा एकत्र विचार करून, पाण्यातील अद्भुत प्राणी हा पाण्याशी असलेल्या माणसाच्या व्यवहाराची मर्यादा सांगणारा राखणदार असतो, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : क्राकेन, हाफगुफा, तिमिंगिल, साती आसरा, कोलासूर, लोकसाहित्य, भाषांतर.

प्रस्तावना

लोकसाहित्याच्या तासाला जलचर राक्षसांचा विषय निघाला की विद्यार्थी पहिले नाव घेतात ते क्राकेनचे. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही चित्रपट आणि संगणकीय खेळ यांच्यामुळे जहाजाला आठ हातांनी विळखा घालणारा हा नॉर्वेचा प्राणी आपल्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. त्याच विद्यार्थ्याला गावच्या तळ्यातील आसरांविषयी विचारले तर तो संकोचतो. 'ती अंधश्रद्धा आहे' असे सांगून विषय संपवतो. दूरची कथा त्याला साहित्य वाटते आणि जवळची कथा लाजिरवाणी वाटते. ही विषमता केवळ विद्यार्थ्यांची नाही. आपल्या अभ्यासक्रमांत, आपल्या परिभाषेत आणि काही अंशी आपल्या समीक्षादृष्टीतही ती आहे. तिची तपासणी करायची तर प्रथम क्राकेनची कथा मुळात काय होती, हे पाहणे आवश्यक ठरते.

नॉर्स परंपरेतील दोन प्रवाह

नॉर्स परंपरेतील महाजलचरांचा विचार करताना दोन प्रवाह वेगळे ठेवावे लागतात. पहिला प्रवाह विश्वरचनेच्या मिथकाचा. स्नॉरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या पंडिताने इ. स. १२२० च्या सुमारास रचलेल्या 'एड्डा'मध्ये योर्मुंगांड हा सर्प येतो. तो पृथ्वीला वेढा घालून स्वतःचे शेपूट तोंडात धरून समुद्रात पडलेला आहे. थॉर हा देव बैलाचे मुंडके आमिष म्हणून गळाला लावून त्याला वर ओढतो; परंतु सोबतचा राक्षस हिमिर भयभीत होऊन दोर कापतो. जगाच्या अंतसमयी थॉर व हा सर्प परस्परांचा अंत घडवितात. स्वीडनमधील आल्टुना येथील अकराव्या शतकातील कोरीव शिळेवर हा मासेमारीचा प्रसंग आढळतो. हा सर्प म्हणजे विश्वाची सीमा आहे. कोणताही दर्यावर्दी 'तो मला काल दिसला' असे सांगत नाही.

दुसरा प्रवाह अनुभवकथनाचा. नॉर्वेत इ. स. १२५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या 'राजदर्पण' या ग्रंथात पिता आपल्या पुत्राला व्यापार, दरबार आणि समुद्र यांविषयी उपदेश करतो. त्यात 'हाफगुफा' या प्रचंड माशाचे वर्णन आहे. तो क्वचित दिसतो आणि दिसला तर बेटासारखा भासतो. तो ढेकर देऊन पोटातील अन्न वर टाकतो. त्या वासाने लहानमोठे मासे त्याच्या उघड्या जबड्यात शिरतात आणि मग तो जबडा मिटतो. अशा जातीचे दोनच प्राणी असावेत, कारण त्यांची संख्या वाढती तर समुद्रात इतर मासे उरलेच नसते, असा तर्कही तेथे केला आहे. हे वर्णन करणारा ग्रंथकार भ्यालेला वाटत नाही. तो हिशेब मांडतो आहे. पुढील काळातील ओर्वार-ओडच्या सागेत हाफगुफासोबत 'लिंगबाक' हा दुसरा जलचर येतो. त्याच्या पाठीवर झुडपे उगवलेली असतात. बेट समजून उतरलेली माणसे तो बुडी मारताच बुडतात.

दोन्ही प्रवाहांना 'सागरी राक्षसांच्या कथा' या एकाच शीर्षकाखाली बसविणे ही अभ्यासातील पहिली चूक होय. मिथकातील सर्प समुद्राचा अर्थ सांगतो, तर अनुभवकथनातील हाफगुफा समुद्रात वावरावे कसे हे सांगतो.

क्राकेनचे स्थित्यंतर

क्राकेन ज्या ग्रंथामुळे युरोपभर गाजला तो ग्रंथ बर्गनचे बिशप एरिक पोंटोप्पिडान यांनी १७५२–५३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेला नॉर्वेचा निसर्गेतिहास होय. त्यातील वर्णन मुळातून वाचले तर आजच्या वाचकाला आश्चर्य वाटते. नॉर्वेचे कोळी उन्हाळ्यात किनाऱ्यापासून काही मैल आत जातात. तेथे नेहमी ऐंशी ते शंभर वाव खोल पाणी असते. एखाद्या दिवशी मात्र ओळंबा वीस-तीस वावांवरच टेकतो आणि त्याच जागी कॉडसारखे मासे विपुल मिळतात. कोळी समजतात की खाली क्राकेन आहे. ते आनंदाने जाळी-गळ टाकतात. ओळंब्याचे माप सारखेच राहिले तर ते निर्धास्तपणे मासेमारी करीत राहतात. माप कमी होऊ लागले की प्राणी वर येतो आहे हे ओळखून ते वल्ही मारीत दूर होतात. वर आलेला क्राकेन त्यांना लहान बेटांच्या पुंजक्यासारखा दिसतो. खरा धोका तो पुन्हा बुडताना पाण्यात होणाऱ्या भोवऱ्याचा. त्याच्या बाहूंनी मोठ्यात मोठी युद्धनौकाही खाली ओढली जाईल, असे लोक म्हणतात, हे बिशप नोंदवितात. पण कोळ्यांच्या कथनाच्या केंद्रस्थानी हल्ला नाही. मासळीची विपुलता आणि वेळीच माघार घेण्याचे शहाणपण या दोन गोष्टी तेथे आहेत.

जहाजाला विळखा घालणारा प्राणी पुढे पुस्तकांतून घडला. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ पिएर दनी द मोंफोर यांनी १८०१–०२ च्या सुमारास मृदुकाय प्राण्यांवरील ग्रंथात एक महाकाय अष्टपाद शिडाचे जहाज कवटाळीत असल्याचे चित्र छापले. टेनिसन यांनी १८३० मध्ये क्राकेनवर कविता लिहिली. तिच्यात तो समुद्रतळाशी निद्रिस्त, प्रलयाची वाट पाहणारा आहे. ज्यूल व्हर्न यांच्या १८७० मधील कादंबरीत पाणबुडीवर हल्ला करणाऱ्या महाकाय जलचरांचे प्रकरण येते आणि तेथे पोंटोप्पिडान यांचा उल्लेख थट्टेच्या सुरात होतो. कोळ्याच्या तोंडी जो प्राणी मासळी देणारा आणि मर्यादा सांगणारा होता, तो किनाऱ्यापासून दूर बसून लिहिणाऱ्यांच्या हाती हिंस्र झाला. लोककथेचा प्राणी मूळ व्यवसायापासून तुटला की त्याच्याजवळ फक्त आकार आणि भय एवढेच उरते. आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला क्राकेन हा असा तुटलेला क्राकेन आहे.

मराठी नामकरणाचा प्रश्न

व्हर्न यांची ही कादंबरी मराठी बालकुमार वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय भा. रा. भागवत यांना जाते. त्यांनी तिचे रूपांतर 'समुद्र सैतान' या नावाने केले. भाषांतरकाराच्या दृष्टीने हे शीर्षक चतुर आहे. कादंबरीच्या आरंभी जगभरची जहाजे ज्याला जलचर समजून घाबरतात ती वस्तुतः पाणबुडी असते. त्यामुळे 'सैतान' नक्की कोण, प्राणी, यंत्र की त्या यंत्राचा स्वामी कॅप्टन नेमो, हा प्रश्न शीर्षकातच पेरला जातो. व्हर्न यांच्या १८७५ मधील पुढील कादंबरीत नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र आणि १८५७ च्या उठावातील सहभागी असल्याचे उघड होते. साम्राज्याच्या दृष्टीने जो सैतान, तो येथील वाचकाच्या दृष्टीने पराभूत स्वातंत्र्यसैनिक. म्हणजे 'सैतान' हे नाव कोण कोणाला देतो, हाच या कादंबरीचा एक छुपा विषय ठरतो.

तथापि 'सैतान' हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला. एकेश्वरी धर्मांतील ईश्वराच्या विरोधकाची छाया त्याच्यावर आहे. त्याला पर्याय म्हणून आपण वापरतो तो 'राक्षस' शब्दही निर्दोष नाही. पुराणकथांतील राक्षसाला कुळ असते, हेतू असतो आणि बहुधा वरदान किंवा शापही असतो. त्याचा वध हा कथेचा न्याय असतो. हाफगुफाला यांतले काहीही नाही. तो कोणाचा शत्रू नाही. त्याला 'राक्षस' म्हटले की कथेत नसलेला नैतिक संघर्ष भाषांतरात शिरतो. उलट पक्षी, समुद्रातील सर्वांत मोठ्या प्रत्यक्ष प्राण्याला मराठी भाषेने 'देवमासा' म्हटले, हे लक्षणीय आहे. बोलीतील शब्दाने त्या प्राण्याशी आदराचे नाते जोडले. ग्रंथातील शब्दाने वैराचे जोडले.

तिमिंगिल आणि सोपाऱ्याचा यक्ष

भारतीय परंपरेत महाजलचर नाहीत असे मुळीच नाही. तिमी हा प्रचंड मासा, तिमीला गिळणारा तो तिमिंगिल आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल, अशी चढती मालिका संस्कृत वाङ्मयात आहे. मध्य प्रदेशातील भारहूत येथील इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील स्तूपाच्या कठड्यावर एक वर्तुळाकार शिल्प आहे. त्यात प्रचंड मासा नावांना गिळू पाहतो आहे आणि वसुगुप्त नावाच्या व्यापाऱ्याची तिमितिमिंगिलाच्या पोटातून सुटका झाल्याचे शिलालेख सांगतो. हे शिल्प आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील सातव्या क्रमांकाच्या लेणीत अवलोकितेश्वर आठ महाभयांतून तारतो असा शिल्पपट आहे. त्या आठ भयांपैकी एक जहाज बुडण्याचे आहे. सह्याद्रीच्या घाटांतून किनाऱ्याकडे माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांना हे भय परके नव्हते.

परंतु या परंपरेतील सर्वांत अर्थपूर्ण कथा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सोपाऱ्याची आहे. 'दिव्यावदान' या बौद्ध कथासंग्रहातील पूर्ण हा शूर्पारक म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी होता. पुढे तो भिक्षू झाला. त्याचा भाऊ इतर व्यापाऱ्यांसह दूरच्या बेटावर जातो आणि तेथील गोशीर्ष चंदनाचे वन तोडू लागतो. ते वन एका यक्षाच्या ताब्यात असते. यक्ष क्रुद्ध होऊन भयंकर वादळ उठवितो. व्यापारी पूर्णाचा धावा करतात. पूर्ण ध्यानबळाने तेथे प्रकट होतो आणि यक्ष शांत होतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेणीत ही कथा चित्रित झाली असून तिथले तीन डोलकाठ्यांचे जहाज प्रसिद्ध आहे.

या कथेतील वादळ अकारण नाही. माणसांनी दुसऱ्याच्या राखणीतील वनावर कुऱ्हाड चालविली म्हणून ते आले. कथेचा शेवटही वधाने होत नाही. यक्ष मारला जात नाही. त्याची समजूत पटते आणि चंदन उपभोगाच्या मालाऐवजी बुद्धासाठी बांधलेल्या प्रासादाच्या कामी येते. कालियाची कथा आठवावी. यमुनेच्या डोहातला हा नाग मारला जात नाही. त्याला डोह सोडून समुद्राकडे जाण्याची आज्ञा होते. पाण्यातील प्राण्याला त्याची जागा असते, ही जाणीव या कथांत सातत्याने दिसते.

तलावांच्या जिल्ह्यातील राखणदार

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील तलाव मुख्यत्वे कोहळी समाजाने बांधले आणि त्यांतील मासेमारीवर ढिवर समाजाने पिढ्यान् पिढ्या उपजीविका केली. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. सभोवतालच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. या देवींनी बांध घालण्याच्या कामी कोलू पाटलांना साहाय्य केले आणि त्यांची पावले तळ्याच्या तळाशी आहेत, अशी आख्यायिका आहे. पुढे कोलू पाटलांनाच देवत्व प्राप्त झाले. 'कोलासूर देव' या नावाने त्यांचे ठाणे एका टेकडीवर आहे. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे नवेगावबांधचे रान आणि तळे मराठी साहित्यात कायमचे आले. परंतु या तळ्याच्या दैवतकथांकडे समीक्षेने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

येथे दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली, सात बहिणींचे नाते महाराष्ट्रभर पूजिल्या जाणाऱ्या साती आसरांशी उघड दिसते. विहीर, डोह, नदीकाठ येथे शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या रूपाने या जलदेवता असतात. त्या संततीचे आणि समृद्धीचे दान देतात. तशाच त्या माणसाला झपाटतात, बुडवितात असेही मानले जाते. अॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थाचा अभ्यास करणाऱ्या १९९५ मधील ग्रंथात आसरांचे हे दुहेरी रूप उलगडून दाखविले आहे. देणारी आणि ओढून नेणारी शक्ती एकच असते. नॉर्वेच्या कोळ्याचा क्राकेन याहून फार वेगळा नाही. त्याच्या पाठीवर मासळी मिळते आणि त्याच्या बुडण्याने नाव जाते.

दुसरी गोष्ट नावाची. तळे बांधणारा उपकारकर्ता देव झाला तेव्हा त्याच्या नावात 'असूर' आला. शिष्ट वाचकाला ही विसंगती वाटेल. लोकपरंपरेला तशी ती वाटत नाही, कारण तिच्या लेखी असूर हा स्थानाचा स्वामी असू शकतो. या दृष्टीने 'राक्षस' शब्दाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात राक्षसांची उत्पत्ती सांगितली आहे. प्रजापतीने प्रथम जल निर्माण केले आणि त्या जलाच्या रक्षणासाठी प्राणी उत्पन्न केले. 'आम्ही रक्षण करू' असे म्हणणारे राक्षस झाले, तर दुसऱ्या गटाला यक्ष हे नाव मिळाले. म्हणजे ज्या शब्दाला आपण वर दोष दिला, त्याच्या परंपरागत व्युत्पत्तिकथेतच पाण्याचा राखणदार आहे. सोपाऱ्याच्या कथेतील यक्ष आणि नवेगावबांधचा कोलासूर एकाच कुळातले ठरतात. दोष शब्दाचा नाही. आपण त्या शब्दाचा अर्धाच अर्थ लक्षात ठेवला, हा आहे.

वैज्ञानिक उलगड्याची मर्यादा

क्राकेन म्हणजे महाकाय माकूळ, हे समीकरण आता पाठ्यपुस्तकी झाले आहे. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप यांनी १८५७ मध्ये या प्राण्याला 'आर्किट्युथिस' हे शास्त्रीय नाव दिले. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी त्याची नैसर्गिक अधिवासातील पहिली छायाचित्रे घेतली. हा प्राणी सुमारे बारा-तेरा मीटरपर्यंत वाढतो. पोंटोप्पिडान यांनी नोंदविलेला क्राकेन मात्र दीड मैल परिघाचा आहे आणि त्याच्यावर मासळी जमते. बाहूंचे साम्य सोडले तर कोळ्यांच्या कथेतील मुख्य तपशील माकुळाने उलगडत नाहीत.

याउलट २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेला शोधनिबंध उद्बोधक आहे. काही देवमासे पाण्याच्या पृष्ठभागाशी जबडा उघडा ठेवून स्तब्ध राहतात आणि आश्रय समजून आत शिरणारे मासे गिळतात. शास्त्रज्ञांच्या नोंदींत हे वर्तन २०११ नंतरच ठळकपणे आले. 'राजदर्पणा'तील हाफगुफाचे वर्णन याच वर्तनाचे असावे, असे या अभ्यासकांनी दाखविले आहे. आधुनिक विज्ञानाला नुकतेच दिसलेले दृश्य तेराव्या शतकातील नॉर्वेच्या ग्रंथकाराला माहीत होते. ज्याला आपण कल्पित म्हणून बाजूला सारले, त्यात निरीक्षण होते.

अर्थात येथे सावधपणाही हवा. प्रत्येक लोककथेत ज्ञानच दडलेले असते असा आग्रह धरणे म्हणजे दुसऱ्या टोकाला जाणे होय. आसरांनी नेले असे म्हणून बुडालेल्या मुलाच्या मृत्यूचे कारण शोधायचे टाळले जाते, झपाटलेल्या बाईला वैद्याऐवजी देवऋषाकडे नेले जाते, तेव्हा त्या श्रद्धेची चिकित्सा केलीच पाहिजे. राखणदाराच्या नावावर माणसाची जबाबदारी झटकली जाऊ नये. तथापि चिकित्सा आणि उपहास यांत अंतर आहे. चिकित्सा करणारा प्रथम कथा पूर्ण ऐकतो. व्हर्न यांच्या पात्रांनी कोळ्यांची कथा पूर्ण ऐकली नाही. आपणही ढिवराची कथा पूर्ण ऐकत नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, नॉर्स परंपरेतील विश्वसर्प आणि दर्यावर्दी लोकांचे महाजलचर यांचे स्वरूप भिन्न असून त्यांचे वाचनही भिन्न निकषांनी व्हावे. दुसरी, क्राकेनचे आजचे हिंस्र रूप प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील ग्रंथव्यवहारात घडले. मूळ कथनात तो पाण्याची समृद्धी आणि मर्यादा यांचा एकत्रित संकेत होता. तिसरी, तिमिंगिल, यक्ष, साती आसरा आणि कोलासूर यांच्या आपल्या परंपरेत हा संकेत अधिक स्पष्ट आहे. त्यामुळे क्राकेन समजून घेण्याची किल्ली समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या तलावांच्या काठीही सापडू शकते.

गाळाने, अतिक्रमणाने आणि दुर्लक्षाने अनेक जुने तलाव आकसले आहेत. तळ्याचा कोणी राखणदार आहे ही जाणीव ज्या समाजातून जाते, त्या समाजाने तिच्या जागी दुसरी कोणती जाणीव ठेवली, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासकाने विचारला पाहिजे. वर्गात क्राकेनचे नाव निघेल तेव्हा अध्यापकाने ते अवश्य स्वीकारावे. नॉर्वेच्या कोळ्याचा ओळंबा किती वावांवर टेकत असे, हे विद्यार्थ्यांना सांगावे. त्यानंतर त्यांना आपल्या गावच्या तळ्यावर डोंगा चालविणाऱ्या एखाद्या वृद्ध ढिवराकडे पाठवावे आणि तो जे सांगेल ते, लाज न बाळगता, जसेच्या तसे लिहून आणण्यास सांगावे.